पोटखराब

आमच्या सातबाऱ्यावर निम्म्याहून जास्त क्षेत्र एकाच शब्दाखाली आहे: पोटखराब. लहानपणी मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलंय. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "जमिनीचं नाय रे, सरकारचं. सारा मिळत नाय ना हिच्यातून."

आजोबांनी थट्टेत सांगितलं, पण ते खरंच होतं. पोटखराब हा महसुलाच्या वहीतला शब्द आहे. जिथे नांगर चालत नाही तिथे आकारणी नाही, आणि जिथे आकारणी नाही ती जमीन खराब. खडक, नाले, खाणी, खंदक सगळं या एका शब्दात कोंबलेलं. इंग्रजांच्या मोजणीदारांना सरकारच्या तिजोरीपुरताच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर त्यांनी चोख लिहून ठेवलं. दीडशे वर्षांनंतर आपण तेच उत्तर वेगळ्याच प्रश्नाला देतो आहोत. कारखाना कुठे काढायचा? जिथे पोटखराब आहे तिथे.

मी राजापूर तालुक्यातला. नोकरी मुंबईत, म्हणजे चाकरमानी, आणि चाकरमान्याने गावच्या विकासावर बोलू नये असं मला अनेकदा ऐकवलं गेलंय. तरी बोलतो, कारण माझं म्हणणं अमुक एका प्रकल्पापुरतं नाही. आमच्या तालुक्यात बारसूला सुचवलेली तेलाची रिफायनरी चांगली की वाईट, हे तेलातलं आणि अर्थकारणातलं कळणारे सांगतील. माझी हरकत त्याच्या एक पायरी आधी आहे. सड्याला 'ओसाड' म्हणून औद्योगिक क्षेत्र जाहीर करण्याला माझा विरोध आहे, मग त्यावर रिफायनरी येवो, नाहीतर बिस्किटांचा कारखाना.

घाटावरच्या वाचकांसाठी: सडा म्हणजे डोंगर चढून गेल्यावर लागणारं जांभ्या दगडाचं सपाट पठार. कोणी कातळ म्हणतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यापर्यंत असे सडे पसरलेत. एप्रिल-मेमध्ये तिथे उभं राहून पाहिलं तर जमीन ओसाड म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. उन्हाने काळा पडलेला दगड, मधूनच वाळलेलं पिवळं गवत, एखादं खुरटं करवंदीचं जाळं. अनवाणी चाललात तर तळपाय सोलून निघतील. दगडाखाली फुरसं असेल ते वेगळंच. अधिकारी येतात ते याच दिवसांत, कारण गाडी वरपर्यंत जाते.

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत त्याच दगडावर दीपकाडी उभी राहते. पांढरीशुभ्र, लांब देठाची, ओळीने लावून ठेवल्यासारखी. कोकण-गोव्याच्या या पट्ट्याबाहेर ती जवळपास कुठे मिळत नाही. मग कातळावरच्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात एकेक करत गर्दी होते. गेंदाची पांढरी बटणं येतात, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो, ओलसर कडेला दवबिंदू दिसतो. यातली शेवटची दोन मांसाहारी. सीतेच्या आसवांना मुळांच्या जागी बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्याला किडे चिकटतात. हौस म्हणून ही झाडं किडे खात नाहीत. दगडावर माती बोटभर, तीही पावसाने धुऊन सत्त्व गेलेली. नायट्रोजन मिळवायचा तर दुसरा मार्ग नाही. मे महिन्यात तव्यासारखा तापणारा दगड जूनमध्ये पाण्याखाली जातो. दोन्ही टोकं सोसून जगायचं आणि चार महिन्यांत फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं, हे ज्यांना जमलं तेवढेच इथे टिकले. म्हणून ते दुसरीकडे मिळत नाहीत. दगडाच्या सांदीत आणि ओल्या मातीत देवगांडूळ असतं. बिनपायाचा उभयचर प्राणी. गावात त्याला साप समजून मारतात. उघड्या खडकावर टिटवी अंडी घालते आणि जवळ गेलात तर डोक्यावर येऊन ओरडते.

आता सरकारी रीत बघा. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण आघात अहवालासाठी पायाभूत नोंदी साधारणपणे एका हंगामाच्या चालतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा असा प्रघात आहे. हवेच्या मोजमापासाठी त्यात अर्थ असेलही. पावसात धूळ धुऊन जाते आणि प्रदूषण कमी दिसतं. पण जे वर्षातले आठ महिने झोपून असतं आणि पावसात जागं होतं, त्याची शिरगणती उन्हाळ्यात करायची म्हणजे शाळेचा पट मे महिन्याच्या सुट्टीत तपासण्यासारखं झालं. वर्ग रिकामा, शेरा मारा, शाळा बंद करा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळल्यावरच मी या वादात पडलो. आमची विहीर सड्याखालच्या वाडीत आहे. शिमग्यानंतर आसपासच्या गावांत टँकर फिरायला लागतो, तेव्हाही आमच्या विहिरीत चार-पाच हात पाणी असतं. त्याचं श्रेय आम्ही ग्रामदेवतेला द्यायचो, पणजोबांच्या पायाळूपणाला द्यायचो. भूजलाचं काम करणाऱ्या एका मित्राला गावी नेलं, तेव्हा तो विहिरीकडे न जाता थेट वर सड्यावर गेला. म्हणाला, तुमची टाकी ही. जांभा सच्छिद्र असतो. वर कडक कवच, पण त्यात भेगा आणि भोकं. खाली मऊ दगड आणि त्याखाली चिकट माती. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला काही वाहून जातो, काही या भेगांतून आत उतरतो, चिकणमातीच्या थराला अडतो आणि आडवा सरकत उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. आमच्या वाड्या नेमक्या त्या झऱ्यांच्या रेषेवर आहेत. वाडी कुठे वसवायची हे पूर्वजांनी पाणी बघून ठरवलं, त्यामुळे डोंगराच्या एकाच उंचीवर माळेसारख्या वाड्या लागतात.

म्हणजे वर सपाटीकरण झालं, काँक्रीट पडलं, की खालच्या विहिरी आटणार. त्यात टाकीतून काही सांडलं तर ते कुठे उतरेल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमच्या तालुक्यात पाण्याच्या वाटा किती गूढ आहेत हे सांगण्याची गरज नाही. उन्हाळे गावची गंगा कधी येते, कधी जाते, चौदा कुंडं कशी भरतात, हे बघायला अख्खा महाराष्ट्र येतो. त्याच तालुक्यातल्या दगडाच्या पोटाला खराब म्हणायला मात्र जीभ अडखळत नाही.

जुन्या कोकणी माणसाला हे नातं ठाऊक होतं. आमच्याकडे जमिनीचा 'वरकस' नावाचा एक प्रकार आहे, आणि जमिनीच्या जुन्या कायद्यांतही तो वेगळा मोडतो. वरकस म्हणजे भाताच्या शेताला लागणारा राब, पाला, गवत जिथून येतं ती वरची जमीन. गुरं तिथे चरणार, घराच्या शाकारणीचं गवत तिथून येणार, तरव्याची भाजावळ, म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी वाफा भाजणं, तिच्या जिवावर होणार. वरकसाशिवाय खाचर पिकत नाही, हे कायदा लिहिणाऱ्यालाही मान्य होतं. पुढे रासायनिक खत आलं, कौलं आली, गुरं कमी झाली, आणि वरकसाची पोटखराबाशी गल्लत झाली. शब्द बदलला तशी किंमत उतरली.

देशपातळीवरही तेच. केंद्राचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह आहे. त्यात खुरटी झुडपं असलेली जमीन पडीक, उघडा खडक पडीक, आणि २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे अशी एकूण जमीन साडेपाच कोटी हेक्टरांहून जास्त, म्हणजे देशाच्या जवळजवळ सतरा टक्के. दख्खनचं माळरान, जिथे लांडगा आणि माळढोक राहायचा, ते याच हिशेबात जातं. झाड असेल तर वन, नांगर असेल तर शेत, दोन्ही नसेल तर वाया गेलेली. न्यायालयाने १९९६ साली गोदावर्मन खटल्यात 'वन' शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्या असं सांगून पुष्कळ जंगल वाचवलं. पण शब्दकोशातल्या वनातही झाड लागतंच. सड्याला ते संरक्षण नाही. दुसरीकडे तोडलेल्या जंगलाच्या भरपाईत लावायच्या झाडांसाठी मात्र लोक सड्यावर खड्डे मारायला येतात, तो वेगळाच जाच.

हाच दगड सह्याद्रीच्या माथ्यावर, साताऱ्याजवळ, कास नावाने ओळखला जातो. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर तो जागतिक वारसा झाला. तिथे आपण कुंपणं घातली, वाद घातले, तिकीट काढून फुलं बघतो आणि फोटो टाकतो. गेंद तिथेही आहे, सीतेची आसवं तिथेही आहेत. उंची वेगळी, काही जाती वेगळ्या, पण जात एकच. कासला औद्योगिक क्षेत्र जाहीर करा असं कोणी म्हणालं तर पुणे-मुंबई रस्त्यावर उतरेल. राजापूरचा सडा पुण्याहून लांब पडतो.

आणि राजापूरच्या सड्यावर कासला नाही असंही काही आहे. बारसूच्या कातळावर माणसाची आकृती कोरलेली आहे, दोन बाजूंना दोन वाघ. कशेळीला प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात असंख्य प्राणी. ही कातळशिल्पं कोणी, कधी खोदली यावर संशोधन चालू आहे. काहींचा काळ दहा-बारा हजार वर्षांमागे नेला जातो. २०२२ मध्ये कोकणातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि बारसू त्यात आहे. त्याच २०२२ च्या जानेवारीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी बारसू परिसरातली सुमारे तेरा हजार एकर जागा सुचवली. आधी याच रिफायनरीसाठी तालुक्यातल्याच नाणारची अधिसूचना निघाली होती, ती लोकांच्या विरोधामुळे २०१९ च्या मार्चमध्ये रद्द झाली. म्हणून ही पर्यायी जागा. पत्रात जमेची बाजू कोणती दाखवली होती? जमीन बहुतांशी ओसाड आहे, घरं-वाड्या उठवाव्या लागणार नाहीत. पुढच्या वर्षी मे महिन्यात तेच नेते गावकऱ्यांना पाठिंबा द्यायला बारसूला आले. मी टोमणा मारत नाही. माणसाने मत बदलावं. पण 'ओसाड' हा शब्द सगळ्या पक्षांच्या तोंडी सारखाच बसतो, हे नोंदवून ठेवतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाचे बोअर मारायला यंत्रं आली. बायका तापलेल्या कातळावर बसल्या, गाड्यांपुढे आडव्या झाल्या, पोलिसांनी उचलून नेलं, अश्रुधूर फुटला. टीव्हीवर ते बघताना मुंबईतले लोक विचारत होते, "नुसत्या परीक्षणाला एवढा विरोध कशाला?"

कारण गावच्या माणसाला क्रम कळतो. १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम आहे. त्याचं सहावं, म्हणजे जमीन संपादनाचं, प्रकरण एखाद्या क्षेत्राला लागू झाल्याची अधिसूचना निघते, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. मग कलम बत्तीस-दोनच्या नोटिसा येतात, हरकती होतात, मग बत्तीस-एक, आणि जमीन सरकारची. या अधिसूचनेआधी वर काय उगवतं, खाली कुठलं पाणी जातं, हे बघायची सक्ती कुठेच नाही. पर्यावरणाची जनसुनावणी येते ती २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, प्रकल्प ठरल्यावर. एखाद्या औद्योगिक वसाहतीला एकदा एकत्रित पर्यावरण मंजुरी मिळाली की आत येणाऱ्या कारखान्यांना स्वतंत्र जनसुनावणीतून सूट मिळायचीही सोय आहे. म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम लग्नानंतर, तोही सासरच्यांना वाटलं तर.

जमिनीचा धंदा करणाऱ्यांना हा क्रम आपल्यापेक्षा चांगला कळतो. अधिसूचनेची नुसती कुणकुण लागली की सड्याचे तुकडे विकले जायला लागतात. नाणारच्या वेळी परप्रांतीय, परजिल्ह्यातल्या नावांवर झालेल्या खरेदीखतांची चर्चा वर्तमानपत्रांनी केली, बारसूतही केली. ज्या जमिनीला कोणी गिऱ्हाईक नव्हतं ती एकाएकी एकराच्या भावाने जाते. विकणारा आमचाच भाऊबंद असतो, त्यालाही पोरीचं लग्न, पोराची फी असते. पण सामाईक सातबाऱ्यावर एकाने हिस्सा विकला की उरलेल्यांचा नाही म्हणायचा धीर अर्धा होतो.

आता रोजगार. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण मी स्वतः रोजगारासाठी गाव सोडला. आमच्या वाडीत पस्तीस घरांपैकी बावीस बंद असतात; गणपतीला उघडतात. कोणी म्हणालं की पोरांना इथेच काम मिळेल, तर मला त्याला मूर्ख म्हणवत नाही. पण अनुभव तपासू. रत्नागिरीजवळ झाडगावच्या औद्योगिक क्षेत्रात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना यायचा होता. लोकांनी विरोध केला, १९९३ मध्ये काम थांबलं, कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे २०१८ मध्ये प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसं मेली आणि कारखान्याला टाळं लागलं. रत्नागिरीतली जागा वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुप्रकल्पासाठी ९३८ हेक्टर घेतले, त्याला दशकाहून जास्त काळ लोटला, एकाही अणुभट्टीचं बांधकाम सुरू नाही. लोटे-परशुराममध्ये कारखाने खरोखर आले आणि चालले. त्यांच्या सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतल्या मासेमारीचं काय झालं ते खाडीकाठच्या भोयांना विचारा. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात त्यावर पानं खर्ची घातली आहेत.

या उदाहरणांतून कारखाना वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. जमिनीचा वापर बदलला की रोजगार येतोच असं नाही, पण सडा मात्र अडकतो, एवढंच काढतो. कारखाना बंद पडू शकतो, दुसरा येऊ शकतो. जांभ्याचं कवच तयार व्हायला लाखो वर्षं लागलेली असतात. ते फोडल्यावर कोणत्या खात्याकडे अर्ज करायचा? राज्यात जाहीर झालेल्या औद्योगिक क्षेत्रांत न वापरलेले भूखंड किती आहेत, याचा जिल्हावार तक्ता आधी लोकांपुढे ठेवा. नवा सडा मागण्याआधी जुनी ताटं पुसून खाल्ली का ते कळू दे.

आमचेही हात स्वच्छ नाहीत, हे सांगितलं नाही तर लेख खोटा होईल. माझ्या काकांनी सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती आणून भरली आणि हापूस लावला. त्या बागेवर दोन चुलत भावंडं शिकली. चिरेखाणींनी तर सडेच्या सडे खरवडून काढलेत, आणि माझं घरही चिऱ्याचंच आहे. कातळावरचं जैववैविध्य आधी आम्हीच, तुकड्यातुकड्याने, संपवत आणलं. रिफायनरीला विरोध करणारा बागायतदार सड्याबद्दल बोलतो तेव्हा बहुतेकदा त्याच्या डोळ्यापुढे कलमं असतात, दीपकाडी नसते. आंदोलनातल्या मित्रांना हे आवडत नाही. पण उद्या कलमांची भरपाई चांगली मिळाली तर त्या विरोधात उरेल काय?

म्हणून मला सड्यासाठी सड्याच्याच नावाने कागद हवा आहे. सातबाऱ्याच्या वहीत त्याला वेगळा प्रकार द्या. वरकस शब्द धूळ खात पडलाय, तो झटकून घेतला तरी चालेल. सहाव्या प्रकरणाची अधिसूचना काढण्याआधी जून ते ऑक्टोबर असा एक पूर्ण पावसाळा त्या जागेची पाहणी करा, आणि ती गावातल्या गुराख्याला, वैदूला सोबत घेऊन करा. पठाराखालच्या प्रत्येक विहिरीची आणि झऱ्याची नोंद घ्या. ग्रामसभेचा ठराव हरकतींच्या ढिगात टाकू नका. तो नसेल तर अधिसूचनाच निघू नये. हे सगळं करून एखाद्या सड्यावर खरंच काही नाही असं निघालं, तर मी माझा विरोध मागे घेईन. असं निघेल असं वाटत नाही, पण ते पावसाळ्याला ठरवू द्या.

यंदा सुरुवात म्हणून आमच्या वाडीने स्वतःच यादी करायला घेतली आहे. शाळेतली मुलं, दोन निवृत्त मास्तर आणि मी. मागच्या महिन्यात आमच्या तलाठ्याला विचारलं, पंधरा जूनच्या सुमारास सड्यावर येता का, काय काय उगवतं ते दाखवतो, पोटखराबाच्या रकान्यापुढे निदान शेरा तरी लिहिता येईल. चांगला मुलगा आहे, विदर्भातला, नवीनच लागलाय. त्याने डायरी काढली, तारीख बघितली आणि म्हणाला, "सर, पाऊस नसेल तर येतो."